घरखरेदीपूर्वी मिळकतीची तपासणी : हक्क, हद्द आणि इमारत

सर्वसामान्य भारतीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार म्हणजे घराची खरेदी होय. अनेक वर्षांची बचत, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे कर्ज या एकाच व्यवहारात गुंतलेले असते. असे असूनही या व्यवहारापूर्वी जी तपासणी व्हावयास हवी, ती बहुधा अपुरी राहते. ‘खरेदीखताची नोंदणी झाली, म्हणजे घर आपले झाले,’ हा समज त्याच्या मुळाशी आहे.

हा समज किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण केरळमधील कोची शहरालगतच्या मरडू येथे पाहावयास मिळाले. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा भंग करून उभारलेली चार निवासी संकुले पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी ती नियंत्रित स्फोटांनी जमीनदोस्त करण्यात आली. या इमारतींना स्थानिक पंचायतीचे परवाने होते, सदनिकांची खरेदीखते झालेली होती आणि कुटुंबे तेथे राहतही होती. न्यायालयाने प्रत्येक सदनिकाधारकास २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देवविली; परंतु राहते घर गेले ते गेलेच. कागदपत्रे असणे आणि कागदपत्रे निर्दोष असणे यांतील हा फरक आहे.

मिळकतीची तपासणी म्हणजे नेमके काय, ती खरेदीदारावरच का येऊन पडते, तिचे आर्थिक तर्कशास्त्र कोणते आणि हा भार हलका करण्यासाठी शासनाने कोणती पावले उचलली आहेत, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार १०० रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तऐवजानेच होऊ शकते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ मध्ये ही नोंदणी सक्तीची केलेली आहे. तथापि, नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याचा निवाडा करणे हे दुय्यम निबंधकाचे काम नाही. विक्रेत्याने आपल्या मालकीचा मूळ दस्त दाखविल्याशिवाय नोंदणी नाकारण्याची मुभा देणारा तमिळनाडूचा नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्द ठरविला, तो याच कारणासाठी.

महसुली अभिलेखांचीही स्थिती अशीच आहे. महाराष्ट्रातील सातबारा उतारा, उत्तर प्रदेशातील खतौनी, पंजाब-हरियाणातील जमाबंदी, तमिळनाडूतील पट्टा किंवा पश्चिम बंगालमधील खतियान ही मूलतः जमीन महसुलाच्या प्रशासनासाठी ठेवलेली कागदपत्रे होत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फेरफार नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

या पद्धतीस गृहीत मालकीची पद्धत म्हणतात. याउलट ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीत सुरू झालेल्या पद्धतीत शासनाच्या नोंदवहीतील नाव हाच मालकीचा पुरावा असतो आणि चुकीमुळे नुकसान झाल्यास शासन भरपाई देते. ही निर्णायक मालकीची पद्धत होय. भारतात पहिली पद्धत असल्याने मालकीची खातरजमा करण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते.

कायदा ही जबाबदारी गांभीर्याने घेतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने आपणास ठाऊक असलेले महत्त्वाचे दोष उघड केले पाहिजेत. मात्र साधारण दक्षता घेतल्यास खरेदीदारास जे दोष स्वतः समजू शकले असते, ते या बंधनात येत नाहीत. कलम ३ नुसार जाणूनबुजून चौकशी न करणारा किंवा घोर निष्काळजीपणा करणारा खरेदीदार ‘माहिती असलेला’ समजला जातो. एवढेच नव्हे, तर मिळकत प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे, त्याचा काही हक्क असल्यास तोही खरेदीदारास ठाऊक होता असे मानले जाते. म्हणून घरात राहणाऱ्या भाडेकरूस वा नातेवाइकास ‘आपण येथे कोणत्या नात्याने राहता?’ हा साधा प्रश्न विचारणे, हाही तपासणीचाच भाग ठरतो.

माहितीची विषमता

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० मधील जुन्या मोटारींच्या बाजारपेठेवरील शोधनिबंध परिचित असेल. या विचारपरंपरेबद्दल अकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तूचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक असतो, खरेदीदारास नसतो. अशा वेळी खरेदीदार सरासरी दर्जा गृहीत धरून किंमत देऊ करतो. ती उत्तम वस्तूच्या मालकास परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि उरलेल्या वस्तूंचा सरासरी दर्जा आणखी घसरतो. यालाच प्रतिकूल निवड म्हणतात.

जुन्या घरांच्या बाजारपेठेस हे विवेचन तंतोतंत लागू पडते. पावसाळ्यात कोणती भिंत ओली होते, कोणत्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही, कोणता मजला मंजूर नकाशात नाही, हे विक्रेता जाणतो. तपासणी ही दरी कमी करण्याचे साधन आहे. तिच्यामुळे सदोष घर उघडे पडते, तसेच निर्दोष घरास त्याची योग्य किंमतही मिळते. म्हणजेच प्रामाणिक विक्रेत्यासही तिचा लाभ होतो.

पहिली तपासणी : हक्क

मालकीच्या तपासणीत साधारणतः मागील ३० वर्षांचे दस्त पाहण्याचा प्रघात आहे. या ३० वर्षांना आधार आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार खासगी व्यक्तीस ताब्याचा दावा १२ वर्षांत करावा लागतो; पण गहाण सोडविण्याच्या दाव्यास आणि शासनाच्या दाव्यास ३० वर्षांची मुदत आहे. ३० वर्षांपूर्वीचा दस्त योग्य ताब्यातून आल्यास तो खरा मानण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यातही आहे.

वकिलाच्या शोध अहवालात मालकीची साखळी अखंड आहे का, हे प्रथम पाहिले जाते. महाराष्ट्रात त्यासाठी सूची क्रमांक दोन, फेरफार नोंदी, सातबारा किंवा शहरातील मिळकत पत्रिका तपासतात. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ, आंध्र प्रदेश आदी राज्यांत नोंदणी कार्यालयाकडून बोजा प्रमाणपत्र घेण्याची रूढी आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नीची मिळकत सर्वसाधारणपणे सामाईक असते. त्यामुळे तेथे दोघांचीही संमती पाहणे अगत्याचे ठरते.

वारसाहक्काच्या मिळकतीत विशेष दक्षता हवी. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना जन्मतः सहदायक म्हणून मुलांइतकाच हक्क मिळाला. हा हक्क मिळण्यासाठी त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्रीस वा नोंदणीकृत वाटणीस मात्र या दुरुस्तीने बाधा येत नाही. उताऱ्यावर केवळ भावांची नावे आहेत म्हणून बहिणींचा हक्क नाही, असे मानणारा खरेदीदार अन्यायात नकळत सहभागी होतो आणि स्वतःही खटल्यात अडकतो.

तीन बाबी बहुधा नजरेतून सुटतात. मूळ दस्त बँकेत ठेवून घेतलेले कर्ज नोंदणी कार्यालयाच्या शोधात दिसेलच असे नाही. अशा तारणांची नोंद ठेवणारी सेरसाय ही केंद्रीय नोंदणी संस्था २०११ पासून कार्यरत असून तिच्याकडे शुल्क भरून कोणासही शोध घेता येतो. मिळकतीवर दावा प्रलंबित असताना ती घेतल्यास कलम ५२ नुसार त्या दाव्याचा निकाल खरेदीदारावर बंधनकारक ठरतो. तसेच निव्वळ मुखत्यारपत्र व विक्रीचा करार यांच्या आधारे झालेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी दिला आहे.

दुसरी तपासणी : हद्द आणि क्षेत्रफळ

मालकी निर्विवाद असली, तरी ती नेमक्या कोणत्या भूभागाची, हा प्रश्न उरतोच. पश्चिम भारतातील पद्धतशीर महसुली मोजणीस १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी प्रारंभ केला. तेहतीस फुटी साखळीने ही मोजणी होई. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, ही परिमाणे आजही व्यवहारात आहेत. मात्र त्यानंतर झालेल्या वाटण्या, रस्ते आणि अतिक्रमणे यांची नोंद नकाशावर त्याच गतीने झाली नाही. परिणामी उताऱ्यावरील क्षेत्र, नकाशावरील आकृती आणि प्रत्यक्ष जागेवरील कुंपण या तीन गोष्टी पुष्कळदा जुळत नाहीत.

भूखंड वा स्वतंत्र घर घेताना भूमि अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी करून घेणे, हा यावरचा उपाय आहे. मोजणीचा अर्ज नोंद असलेल्या धारकास करावा लागतो. म्हणून खरेदीच्या करारातच ‘विक्रेत्याने मोजणी करून द्यावी’ अशी अट घालणे श्रेयस्कर. लगतच्या धारकांना नोटीस दिली जात असल्याने हद्दीचा सुप्त वादही याच वेळी उघड होतो. वाद असल्यास तो पैसे देण्यापूर्वी कळणे, हाच मोजणीचा खरा लाभ.

सदनिकेच्या बाबतीत हद्दीची जागा चटई क्षेत्र घेते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे ‘रेरा’, याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. अंतर्गत भिंतींनी व्यापलेल्या जागेसह वापरता येणारे निव्वळ क्षेत्र त्यात येते. बाहेरील भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाहीत. जुन्या खरेदीखतांत ‘बिल्टअप’ वा ‘सुपर बिल्टअप’ क्षेत्र लिहिलेले असते. म्हणून दोन घरांच्या दरांची तुलना करण्यापूर्वी प्रत्यक्ष मोजमाप घ्यावे.

तिसरी तपासणी : इमारत आणि परवाने

तिसरा भाग वास्तूचा आहे. बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र ही किमान कागदपत्रे होत. नदीची पूररेषा, सागरी किनारा, वन अशा नियमांच्या कक्षेत जागा येते काय, हेही पाहिले पाहिजे. मरडूमध्ये दोष होता तो याच टप्प्यावर. नोएडातील दोन उंच मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी पाडण्यात आले, तेही बांधकाम नियमांच्या उल्लंघनामुळेच.

इमारतीच्या बळकटीची तपासणी संरचना अभियंत्याने करावयाची असते. तुळया व खांबांवरील भेगा, उघड्या पडलेल्या गंजक्या सळया, स्वच्छतागृहाखालील गळती, गच्चीचे जलरोधन, बैठक खचल्याच्या खुणा हे तो डोळ्यांनी पाहतो. संशय आल्यास हातोडी-प्रतिक्षेप चाचणी, श्राव्यातीत ध्वनिलहरींची चाचणी, काँक्रीटचा गाभा काढून केलेली चाचणी अशा पद्धती वापरल्या जातात. समुद्रकाठच्या शहरांत खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे सळया लवकर गंजतात. भूकंपप्रवण भागात तळमजला केवळ खांबांवर मोकळा सोडलेल्या इमारतींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दूरवरच्या अहमदाबादेतही अशा इमारती कोसळल्या होत्या.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करावयाचे आहे. जुनी सदनिका घेणाऱ्याने संस्थेकडे हा अहवाल अवश्य मागावा. एका सदनिकेची रंगरंगोटी ही संपूर्ण इमारतीच्या प्रकृतीचा दाखला असू शकत नाही.

‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे सर्व ठीक’

हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. बँका वकील व मूल्यनिर्धारकांकडून छाननी करून घेतात हे खरे. पण ती छाननी तारणाच्या दृष्टीने असते. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात मिळकतीच्या मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. उरलेली रक्कम खरेदीदाराची असते आणि मिळकतीचे मूल्य घटल्यास पहिला तोटा त्याच रकमेला लागतो. शिवाय घर हातचे गेले तरी कर्जाची वैयक्तिक जबाबदारी संपत नाही. सारांश, बँक आणि खरेदीदार एकाच घराकडे पाहतात. मात्र त्यांची जोखीम एकसारखी नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घराची किंमत ६० लाख रुपये आहे, तिन्ही तपासण्यांचा एकूण खर्च ४० हजार रुपये आहे आणि गंभीर दोष निघाल्यास ३० लाखांचे नुकसान होईल असे धरू. तपासणीने असा दोष खात्रीने उघड होत असेल, तर ४० हजारांस ३० लाखांनी भागता सुमारे १.३३ टक्के येतात. दोषाची शक्यता याहून अधिक असेल, तर तपासणी करणे निव्वळ हिशेबानेही फायद्याचे आहे. जोखीम टाळू इच्छिणाऱ्या कुटुंबास तर याहून कमी शक्यतेतही हा खर्च सार्थ वाटेल. कारण त्याचे सर्व धन या एकाच मत्तेत असते.

खर्च कोणी सोसावा?

येथे मूलभूत धोरणात्मक प्रश्न उपस्थित होतो. एका घरासाठी पाच इच्छुकांनी स्वतंत्र तपासणी केली, तर त्याच माहितीसाठी वरील उदाहरणात २ लाख रुपये खर्च होतील. माहिती एकदा निर्माण झाली की ती इतरांनी वापरल्याने कमी होत नाही. या अर्थी तिच्यात सार्वजनिक वस्तूचा गुण आहे. अशा वस्तूचा खर्च प्रत्येकावर स्वतंत्रपणे टाकल्यास एक तर तो अनेक पटींनी होतो किंवा कोणीच तो करीत नाही.

स्कॉटलंडने यावर एक उत्तर शोधले. १ डिसेंबर २००८ पासून तेथे घर विक्रीस काढणाऱ्या मालकानेच, काही अपवाद वगळता, तज्ज्ञाचा तपासणी अहवाल आधी तयार ठेवावयाचा असतो. एक तपासणी सर्व इच्छुकांच्या उपयोगी पडते. विक्रेत्याने नेमलेला तज्ज्ञ निःपक्षपाती राहील का, ही शंका रास्त आहे; म्हणून तज्ज्ञाची व्यावसायिक उत्तरदायित्वाची चौकट बळकट असावी लागते.

भारतात हा प्रश्न समन्यायाचाही आहे. सधन खरेदीदार वकील आणि अभियंता नेमू शकतो. गावठाणाच्या कडेला वा शहराच्या सीमेवर अर्धा गुंठा घेणारा श्रमिक ते करू शकत नाही. आणि सदोष मिळकती स्वस्त असल्याने त्या नेमक्या त्याच्याच वाट्यास येतात. ज्याच्याजवळ गमावण्यासाठी एकच घर आहे, तोच सर्वाधिक असुरक्षित ठरतो.

शासकीय उपाययोजना

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार जमीन आणि भूमि अभिलेख हे राज्य सूचीतील विषय आहेत, तर दस्तांची नोंदणी आणि शेतजमिनीखेरीज अन्य मालमत्तेचे हस्तांतरण समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे सुधारणेसाठी केंद्र व राज्ये यांचा समन्वय अपरिहार्य ठरतो.

निर्णायक मालकीचा विचार आपल्याकडे नवा नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. द. च. वाधवा यांच्या एकसदस्य समितीने नियोजन आयोगास १९८९ मध्ये सादर केलेल्या अहवालात त्याचा पुरस्कार केला होता. २००८ मध्ये आधीच्या दोन योजना एकत्र करून राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला. १ एप्रिल २०१६ पासून तो डिजिटल इंडिया भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम म्हणून संपूर्णपणे केंद्राच्या निधीतून राबविला जाऊ लागला. भूखंडास चौदा अंकी अनन्य क्रमांक देण्याची योजना २०२१ मध्ये आली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होते. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच कार्यक्रमात ६५ लाखांहून अधिक मिळकत पत्रिका वितरित करण्यात आल्या. शहरांसाठी ‘नक्शा’ हा प्रायोगिक कार्यक्रम १८ फेब्रुवारी २०२५ रोजी १५२ नागरी स्थानिक संस्थांत सुरू झाला.

रेराने नव्या प्रकल्पांतील खरेदीदारास मोठा आधार दिला आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनात्मक दोष आढळल्यास प्रवर्तकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दूर करावयाचा असतो (कलम १४). जमिनीची मालकी सदोष निघाल्यास भरपाई द्यावी लागते आणि या दाव्यास मुदतीची अडचण येत नाही (कलम १८). परंतु हे संरक्षण प्रवर्तकाविरुद्ध आहे. पुनर्विक्रीच्या घरात खासगी विक्रेत्याविरुद्ध ते मिळत नाही.

निर्णायक मालकीकडे जाण्याचा मार्ग सोपा नाही, हेही अनुभवास आले आहे. राजस्थानने २०१६ मध्ये नागरी जमिनींसाठी मालकी प्रमाणित करण्याचा कायदा केला. आंध्र प्रदेशचा भूमि-मालकी कायदा मात्र तीव्र विरोधानंतर २०२४ मध्ये रद्द झाला. हमी देण्यापूर्वी अभिलेख अचूक असावे लागतात. चुकीच्या नोंदीवर हमीचे शिक्कामोर्तब झाले, तर खऱ्या मालकाचाच हक्क धोक्यात येतो.

समारोप

मिळकतीची तपासणी हा केवळ वैयक्तिक सावधगिरीचा विषय नाही. शासन मालकीची हमी देत नाही, विक्रेता सर्व काही सांगत नाही आणि बँक स्वतःपुरते पाहते, अशा व्यवस्थेत हक्क, हद्द आणि इमारत यांची तपासणी हेच आज खरेदीदाराचे प्रमुख संरक्षण आहे. अभिलेख जितके अचूक आणि सहज उपलब्ध होतील, तितका या संरक्षणाचा खर्च घटेल आणि ते अल्प उत्पन्न गटाच्या आवाक्यात येईल. भूमि अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचे यश केवळ किती पाने संगणकावर चढली यावरून न मोजता, सामान्य खरेदीदारास घर घेण्यापूर्वी खात्री करून घेण्यासाठी किती पैसे आणि किती दिवस लागतात, यावरून मोजणे अधिक उचित ठरेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गृहीत मालकी आणि निर्णायक मालकी यांतील भेद सांगून भारतात दुसऱ्या पद्धतीकडे जाण्यातील अडचणी विशद करा.
२. माहितीची विषमता व प्रतिकूल निवड या संकल्पना जुन्या घरांच्या बाजारपेठेच्या संदर्भात स्पष्ट करा.
३. ‘भूमि अभिलेखांची अचूकता हा समन्यायाचा प्रश्न आहे.’ चर्चा करा.
४. स्वामित्व योजना आणि नक्शा कार्यक्रम यांची उद्दिष्टे व कार्यक्षेत्रे यांची तुलना करा.